घर फुकट दिलंत, लिफ्टचं बिल कोण भरणार?

“तुमचं बरंय बाई, फुकटात घर मिळालं.”

काल परत ऐकलं. शेजारच्या सेलच्या, म्हणजे विकासकाने विकायला बांधलेल्या बिल्डिंगमधल्या एका बाईंकडून. त्यांच्या तीन लिफ्ट, वॉचमन आणि बागेतला कारंजा ज्या जमिनीवर उभा आहे तिथे आमची झोपड्यांची वस्ती होती, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. म्हणजे दर महिन्याला दारोदार फिरून मेंटेनन्स मागायचा आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडूनही मागायचा. त्यामुळे “फुकट” हा शब्द ऐकला की माझं डोकं सटकतं.

लिफ्ट पुन्हा बंद आहे. सात मजले. सहाव्या मजल्यावरच्या आजी गेल्या पावसाळ्यापासून स्वतःच्या पायांनी खाली उतरलेल्या नाहीत. त्यांना डायलिसिसला न्यायचं तर दोन पोरं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवतात. लिफ्टच्या कंपनीचा माणूस म्हणतो, मागची बाकी भरा, मग बघू. बाकी कशातून भरू? पाण्याच्या मोटरचं लाइटबिल थकलंय. जिन्यातले दिवे आम्ही आधीच निम्मे काढलेत.

आता या फुकट घरामागचा हिशेब ऐका, कारण तो कुणी सांगत नाही. १९९५ साली शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, मुंबईतल्या ४० लाख लोकांना मोफत घरं देऊ म्हणालं, आणि त्यातून ही झोपडपट्टी पुनर्वसन, म्हणजे झोपू योजना उभी राहिली. सरकार तिजोरीतून पैसे देत नाही. ते एफएसआय, म्हणजे एखाद्या जमिनीवर किती बांधता येईल ती मर्यादा, वाढवून देतं. विकासक आमची घरं फुकट बांधतो आणि त्या बदल्यात त्याच जमिनीवर विकायच्या इमारती उठवतो किंवा टीडीआर, म्हणजे तेवढ्या बांधकामाचा हक्क, घेऊन दुसरीकडे वापरतो. विक्रीच्या फ्लॅटच्या पैशातून आमच्या भिंती निघतात. आधी २२५ चौरस फूट, मग २६९, मग ३००. प्रत्येक वाढीला भाषण झालं, बॅनर लागले, हार पडले.

बरं, भिंती निघाल्या. पुढे? लिफ्ट, मोटर, टाकी, ड्रेनेज, रंग, सफाईवाला, हे पन्नास वर्षं कशावर चालणार? त्यासाठी विकासकाने घरामागे एक ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजावर सोसायटीने भागवायचं. कॉर्पस म्हणतात त्याला. आमच्या वेळी ही ठेव २० हजार होती, नंतरच्या योजनांना ४० हजार झाली. सहा टक्के व्याज धरा. ४० हजारांवर वर्षाचे २,४०० रुपये, म्हणजे महिन्याला २०० रुपये. आमच्या २० हजारांवर १००. महिन्याला शंभर रुपयांत सात मजली इमारतीतलं एक घर चालवून दाखवा. ज्यांनी हा आकडा ठरवला त्यांच्या स्वतःच्या सोसायटीचा मेंटेनन्स किती आहे, तेवढं एकदा सांगा.

आणि ही रक्कम तरी वेळेवर हातात येते का? आमच्याकडे ती यायला वर्षं गेली. आली तेव्हा लिफ्टची मोटर जळालेली होती.

प्रधानमंत्री आवासचंही तेच. घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, सगळे बांधकामाला. बांधून झाल्यावर त्या घरात माणूस कसा राहणार याचा रकाना त्या फॉर्मात नाहीच. फोटो काढायचा, चावीची भलीमोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती हातात द्यायची, संपलं.

मग हेच लोक म्हणतात, बघा, घरं विकून परत झोपडीत गेले, लायकीच नाही. अहो, आमच्या मजल्यावरचं एक घर असंच गेलं. नवरा वारलेला, ती धुणीभांडी करायची. वस्तीत होती तेव्हा दारात बसून मण्यांच्या माळा ओवायची, शेजारणी पोरांकडे बघायच्या, जाता-येता गिऱ्हाईक मिळायचं. इथे दार लावलं की माळा कुणाला दाखवणार? पोरांना कुणाच्या भरवशावर टाकून कामावर जाणार? मेंटेनन्स थकत गेला, सभेत तिचं नाव वाचलं गेलं (मीच वाचलं, तेच माझं काम), आणि एक दिवस घर कागदावर भाड्याने, खरं तर विकून, ती गेली. तिला दरमहा चारशे रुपयांचा आणि एका पाळणाघराचा आधार असता तर ती आज इथे असती. लाखो रुपयांचं घर बांधलं आणि तेवढ्यावरून माणूस गमावला!

तब्येतीचं तर बोलायलाच नको. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या पुनर्वसन इमारतींचा २०१८ साली अभ्यास झाला. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि जिथे ऊन-वारा कमी तिथे टीबी जास्त. हे नियमात बसवून, मंजूर करून बांधलं. चेंबूरजवळच्या माहुलला तर प्रकल्पग्रस्तांना रिफायनऱ्यांच्या कुशीत नेऊन टाकलं. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथे जाणार नाहीत त्यांना महिन्याला १५ हजार भाडं द्या. घरं होती, हजारोंनी होती. माणसं राहू शकतील असं काही आजूबाजूला नव्हतं.

सगळी भांडणं ताबा मिळेपर्यंतची. कोण पात्र, कोण अपात्र, परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, कुणाचं नाव गाळलं, विकासक पळाला, भाडं थकलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोपडपट्टी कायद्याच्या कामगिरीचं ऑडिट करायला मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं, तेव्हा या कायद्याची १,६१२ प्रकरणं तिथे पडून होती. ती खरी आहेत, लोकांची आयुष्यं त्यात अडकलीत. पण ताबा मिळाल्यानंतर लिफ्ट बंद पडली तर त्याचा खटला कुठल्या कोर्टात आणि कुणाच्या नावावर टाकायचा?

आणि सरकारला हे कळत नाही असंही नाही, त्याचाच जास्त राग येतो. धारावीच्या पुनर्विकासात दहा वर्षं देखभाल मोफत आणि इमारतीतल्या दहा टक्के व्यापारी जागेचं उत्पन्न सोसायटीला, असं जाहीर केलंय. प्रत्यक्षात काय होईल ते बघू, धारावीकरांनी अशी आश्वासनं कमी ऐकलेली नाहीत. पण म्हणजे कळलंय ना, की घर दिल्यावर ते चालवायला पैसा लागतो? मग १९९५ पासून ज्यांना कोंबलंय त्यांचं काय? आमच्या तळमजल्याला दोन गाळे सोसायटीच्या नावावर असते तर त्यांच्या भाड्यात लिफ्ट चालली असती. गाळे होते. विकासकाने विकले.

बालवाडीची खोली मात्र विकता आली नाही, कारण ती मंजूर नकाशात आहे. बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटीचं कार्यालय, हे नियमाने द्यावंच लागतं. दिलंय. बालवाडीत सध्या एका पक्षाचे झेंडे, गणपतीचे बांबू आणि स्पीकर आहेत, आणि किल्ली एका भाऊंकडे असते. कल्याण केंद्राला बाहेरून कुलूप. खाली पोरं पार्क केलेल्या टेम्पोखाली खेळतात, वर त्यांच्या आया काम सोडून घरी बसतात कारण सांभाळायला कुणी नाही, आणि मी त्यांच्याच दारात पावती पुस्तक घेऊन उभी.

अंगणवाडी सुरू करा म्हणून अर्ज केला. एका कार्यालयात म्हणाले, जागा सोसायटीने द्यायची. जागा आहे म्हटलं तर म्हणाले, ताब्यात आहे का? दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, ताब्याचा विषय आमचा नाही, पोलिसांत जा. पोलिसांत म्हणाले, भाऊंशी बोलून घ्या ना ताई, आपलाच माणूस आहे.

अर्ज परत टाकलाय. या वेळी मंजूर नकाशाची झेरॉक्स जोडलीय, त्या खोलीभोवती लाल पेनाने गोल करून, आणि एक प्रत भाऊंच्या दारावर चिकटवलीय.