मोठ्या इंजिनाने पिकअपची माल वाहायची ताकद वाढत नाही

जुन्या पिकअपला मोठं इंजिन बसवण्याचे फायदे सांगणारा एक मेसेज सध्या जो तो पुढे पाठवतोय. त्यात म्हटलंय की माल दीडपट नेता येतो, फक्त माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे कंस) बदलली की काम होतं, ब्रेकला हात लावावा लागत नाही, डिझेल कमी लागतं आणि वायरिंगची कटकट नको असेल तर सेन्सर काढून टाकायचे. माझ्या मेहुण्याचं पोट पिकअपवर आहे. मेसेज वाचून तो इंजिन उतरवायलाच निघाला होता, म्हणून हे लिहितोय.

आधी ब्रेक. बाकीच्या चुकांत पैसे जातील, या चुकीत माणसं जातील. मेसेज म्हणतो, "गाडीचं वजन तेच, मग ब्रेकही तेच पुरतात." वजन तेच कसं? मोठं इंजिन बहुतेक वेळा जडही असतं आणि तो भार पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो. शिवाय मोठं इंजिन घालून कोणी पूर्वीच्याच वेगाने गाडी हाकत नाही. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटरवर गेला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोनपटीच्या वर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लांब उतारावर ही सगळी उष्णता ड्रम आणि लायनरमध्ये साठते आणि पकड सुटायला लागते. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पण ओलावा शोषल्यावर तेच १४० च्या आसपास उकळू शकतं. मग पाइपात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं.

आणि मेसेजमध्ये जिचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे व्हॅक्यूम. बहुतेक पिकअपचा ब्रेक बूस्टर, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग, व्हॅक्यूमवर (हवा ओढून केलेल्या पोकळीवर) चालतो. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळ्यांतून मिळतो. डिझेलला त्यासाठी वेगळा पंप लागतो आणि बऱ्याच इंजिनांत तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीमागेच बसवलेला असतो. जुनं इंजिन विकत घेताना ते सुरू करून दाखवतात, आवाजावर सौदा ठरतो. मधे कोणी अल्टरनेटर बदलून बिनपंपाचा बसवलाय का, हे कोण बघतं? तसा असेल तर इंजिन झकास चालेल आणि पेडल दगडासारखं घट्ट होईल. तपासणं सोपं आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी जागची हलवू नका.

आता दीडपट माल. भार इंजिन उचलत नाही. तो चेसिस, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि टायर उचलतात. पिकअप किती वजन ओढू शकते हे ठरवण्यासाठी अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये जे२८०७ हे मानक आणलं. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ भर उन्हात, एसी चालू ठेवून, ट्रेलरसह चढावा लागतो, ही इंजिनाची आणि कूलिंगची परीक्षा. पण तेवढ्यावर पास होत नाही. ब्रेक मारून थांबणं, १२ टक्के चढ-उतारावर हँडब्रेकने गाडी धरून ठेवणं, ट्रेलर डोलल्यावर सावरणं, हेही त्यात आहे. हे मानक ओढण्याचं आहे, लादण्याचं नाही, हे मान्य. पण नुसत्या इंजिनाच्या जोरावर आकडा वाढत नाही हे त्यातून स्वच्छ दिसतं.

"कंपन्याही त्याच बॉडीत मोठं इंजिन देतात," असंही मेसेजवाले सांगतात. देतात, खरंय. पण तेव्हा बहुधा गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, रेडिएटर, पाटे आणि ब्रेकही बदलतात. फक्त माउंटिंग बदलून बसवलेल्या इंजिनाच्या टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, मार आधी क्लच खातो, मग गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. रेडिएटर जुनाच ठेवला तर पहिल्या मोठ्या घाटात काटा लाल रेषेवर.

डिझेलच्या दाव्यात अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकतो. लहान इंजिन सतत पूर्ण रेसवर रेटलं जात असेल, तर मोठं इंजिन योग्य गिअरिंगवर त्याच भाराला फार जास्त पीत नाही. पण रिकाम्या फेऱ्यांत ते जास्तच पितं, आणि पिकअपची परतीची फेरी बरेचदा रिकामीच असते.

सेन्सर काढण्याबद्दल काय बोलायचं? कंट्रोल युनिटला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, सिग्नल मिळाला नाही तर ते बरेचदा इंजिनाची ताकदच कापतं. कागदपत्रांचाही प्रश्न आहेच. नोंदणीवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते.

गाडी चढावर दम सोडत असेल तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इंजेक्टर, टर्बोचा होजपाइप बघा, क्लच घसरतोय का तपासा आणि कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. कम्प्रेशन गेलं असेल तर आहे तेच इंजिन बांधून घ्या. तरीही मोठंच बसवायचं असेल, तर ब्रेक, बूस्टर आणि पाट्यांचं काम आधी करा, इंजिन त्यानंतर उतरवा.