झड कुठे गेली?

पावसाच्या लहरीपणावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात सगळं खापर एल निनोवर (प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापतं, त्यावर) फोडलंय, ते पटलं नाही. एल निनो आधीही होताच की.

आमच्या यवतमाळकडे पोळ्याच्या आसपास चार-पाच दिवसांची झड, म्हणजे संततधार, लागायची. बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार झाला की ढग ओडिशा-छत्तीसगडवरून विदर्भात यायचे. आता पंधरा दिवस उघाड, अन् मग एका रात्रीत नाला वावरात! यंदा सोयाबीनची दुबार पेरणी केली, पऱ्हाटी (कपाशी) पाण्यात पिवळी पडली.

मान्सून चालतो तो जमीन तापते आणि समुद्र त्यामानाने थंड राहतो म्हणून. आपण दोन्हीकडून खोडा घातला. १९५१ ते २०१५ मध्ये उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचं पृष्ठभागावरचं पाणी सरासरी १ अंश सेल्सिअसने तापलं. इकडे कोळशाच्या धुरातले कण ऊन अडवतात, त्यामुळे जमीन हवी तेवढी तापत नाही. फरक कमी, वारे मंद. त्याच काळात देशातला मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, तर मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्राची वाफ कधीमधी एकदम येऊन आदळते, म्हणून.

धुराचे कण पावसाने धुऊन निघतात, त्याच कोळशातून निघणारा, समुद्र तापवणारा कार्बन डायऑक्साइड मात्र शेकडो वर्षं हवेत राहतो. लेखात कोळशाचा उल्लेखही नसावा? कोळशावरची मोठी वीजकेंद्रं तर आमच्या विदर्भातही आहेत (अन् लोडशेडिंगही आम्हालाच).