इंग्लंडच्या बदक-शिकारी क्लबांबद्दल फिरणारा मेसेज बरोबर नाहीये

ग्रुपवर फिरतंय की इंग्लंडातले शिकारी क्लब बारा महिने बदकं मारतात आणि तळी फक्त आमिष म्हणून खणतात. असं नाहीये हो. तिथे बदकांचा सीझन १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी, समुद्रकाठी भरतीरेषेच्या खाली तेवढा २० फेब्रुवारीपर्यंत, बाकी महिने बंदच. शिकार करतात हे खरंय, मला ती पटत नाही, पण गाळाने भरलेलं तळं उपसायचं, काठावर माजलेली विलोची झाडं तोडून पाण्यावर ऊन पडू द्यायचं, काठ उतरता ठेवायचा म्हणजे छोट्या बदकांना उथळ पाण्यात चरता येतं, ही चिखलातली कामं क्लबचे मेंबर स्वतः करतात. आणि बंदुकीतले शिशाचे छर्रे म्हणाल तर खाली पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून तिथे पाणपक्ष्यांवर ते वापरायला १९९९ पासून बंदी आहे. मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय की नांदूर मध्यमेश्वरला पण असे क्लब काढा. ते अभयारण्य आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे रानबदकांची शिकार हा गुन्हाच आहे.