फुटलेला कागद हाती आला, तर फोटो फिरवू नका

सरकारी फाइलचं एखादं पान फुटलं की तासाभरात ते गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पोचतं. दोन दिवस गदारोळ होतो आणि मग कागद बाहेर काढणाऱ्याचा शोध सुरू होतो. तो सापडतोही, कारण त्याचा माग आपणच फोटोतून दिलेला असतो.

कागद फुटावेच का लागतात? झोन बदलाचं, म्हणजे आराखड्यात जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याचं घ्या. नगर नियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली जमीन ऑर्चर्डची (बागायतीची) सेटलमेंट (वस्तीची) झाली हे गावाला राजपत्रातून कळायचं, म्हणजे निर्णय झाल्यावर. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. त्याच कायद्याच्या झोन बदलाच्या ३९अ कलमात हरकतींसाठी ३० दिवस आहेत. पण नोटिशीतल्या सर्व्हे नंबर आणि चौरस मीटरवरून उतार किती, झाडी किती, अधिकाऱ्याने काय शेरा मारला हे कळत नाही. ते नोटिंगमध्ये, म्हणजे फाइलवरच्या अधिकाऱ्यांच्या टिपणांत असतं. माहिती अधिकारात नोटिंग मागावं, तर उत्तराची मुदतही ३० दिवस! उत्तर येईपर्यंत हरकतीची दारं बंद. म्हणून आतल्या कुणाला तरी जिवावर उदार होऊन पान बाहेर द्यावं लागतं. त्याला चोर म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

असा कागद आला की आधी तो खरा आहे का पाहा: फाइल क्रमांक, नोटिंगच्या परिच्छेदांचे क्रमांक, सह्यांच्या तारखांचा क्रम, सहीखालचं पदनाम. त्या तारखेला त्या पदावर कोण होतं ते बदल्यांच्या आदेशांशी ताडून पाहा. बनावट कागद बहुधा इथेच उघडा पडतो.

मग माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क. ‘पान क्रमांक १४ द्या’ असं चुकूनही लिहू नका. कुठलं पान बाहेर गेलं ते तुम्हीच सांगितल्यासारखं होतं. त्या तालुक्यातले ठरावीक काळातले सगळे प्रस्ताव नोटिंगसह मागा आणि फाइल पाहण्याची परवानगीही मागा. ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे माहिती नाकारण्याच्या कलम ८ मधलं कारण नाही. काही भाग खरंच गोपनीय असेल, तर कलम १० प्रमाणे तेवढाच वगळून बाकीचं द्यावं लागतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीचं ८(१)(ञ) हे कलम सरकारच्या सोयीचं करून ठेवलंय. पण जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं ८(२) शाबूत आहे. त्याचा उल्लेख करून जनहित कसं आहे ते अर्जातच लिहा. उत्तर नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

आता फोटो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या मूळ फाइलमध्ये फोन कुठला, वेळ काय, कधी कधी जागासुद्धा राहते. अनेक रंगीत लेझर प्रिंटर कागदावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके सोडतात. त्यात यंत्राचा क्रमांक असू शकतो. स्टेपलचं भोक, घडी, झेरॉक्सवरची रेघ, कोपऱ्यातली पेन्सिलची खूण यांवरून प्रत कोणाच्या टेबलावरची ते कार्यालयात लगेच ओळखतात. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी खालची अक्षरं बहुधा तशीच असतात, कॉपी करून पेस्ट केली की दिसतात. म्हणून मजकूर नव्याने टाइप करून छापा. मूळ डिजिटल फाइल मात्र हात न लावता जपा आणि तिची हॅश (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा अंकाक्षरी ठसा) नोंदवून ठेवा, कारण डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ती लागते.

छापणाऱ्याला थोडा तरी आधार आहे. राफेल विमान खरेदी प्रकरणात एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटलेली कागदपत्रं विचारात घेतलीच. पण १९२३ चा शासकीय गुपित कायदा गुपित कागद घेणाऱ्यालाही पकडतो आणि प्रेस कौन्सिल कायद्यातलं, बातमी कुणी दिली ते न सांगण्याचं संरक्षण फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं आहे. कागद देणाऱ्या कारकुनाला तर तेवढंही नाही. जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरकारभार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा मंजूर झाला, पण लागू केलाच नाही. याचा मला मनस्वी संताप येतो.

झोन बदलाच्या प्रत्येक नोटिशीसोबत नोटिंग आणि नकाशा माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली, कुणी न मागता, संकेतस्थळावर आलाच पाहिजे, तोही हरकतींचे ३० दिवस सुरू व्हायच्या आधी. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.