वरच्या मजल्यावरची एम-थ्री

आमच्या डोक्यावरचा फ्लॅट इंजिनिअरिंगच्या पोरांनी भाड्याने घेतलाय, मालेगाव, येवला, सटाणा असं सगळीकडचं पब्लिक, दिवसभर सामसूम आणि रात्री अकरा वाजले की 20 लिटरच्या रिकाम्या जारवर नाशिक ढोलाचा ठेका. ठेका आला की गाणं आलंच.

एम-थ्री गं बाई एम-थ्री,
तुझ्यापायी झोप नाही रात्री!

एम-थ्री म्हणजे सेकंड इयरचं गणित. पुणे विद्यापीठातून इंजिनिअर झालेल्या कुणालाही विचारा, आधी उसासा टाकेल मग बोलेल.

गाणी लिहिली कुणी, तर म्हणे सीनियर्सकडून आली. सीनियर पास होऊन गेले, गाद्या आणि शेगडीसोबत गाणीही मागेच ठेवून गेले, आता प्रत्येक बॅच आपलं एक कडवं चिकटवते. काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट छापायची, त्या 'जीटी'वरचं कडवं सगळ्यात जुनं, ड्रॉइंग बरंचसं कॉम्प्युटरवर गेलं तरी ते शाबूत आहे. 75 टक्के अटेंडन्स, डिफॉल्टर लिस्ट, सबमिशनच्या सह्या, सगळ्यावर कडवी आहेत. अभ्यासक्रम सोडून सगळं पाठ!

झोपमोडीचं एक वेळ चालेल हो, पण चाल तोंडात बसते त्याचं काय? परवा ऑफिसात साहेबांसमोर फाईल घेऊन उभा आणि तोंडातून निघालं,

मेसची डाळ, डाळीला तळ,
तळाशी दिसतं गंगेचं जळ!

साहेब नाशिकचेच, त्यांना गंगा म्हणजे गोदावरी हे सांगावं लागलं नाही, पण फाईल मात्र परत आली.

शेवटी वर गेलो आणि चांगला ओरडलो. दुसऱ्या दिवशी नवीन कडवं तयार:

खालचे काका आले वर,
रागाने चढले लुंगीवर!

आता मी लुंगी नेसतच नाही, बर्मुडा घालतो. परत वर गेलो. म्हटलं, लुंगीवर चढतात कसं, अर्थ काय याचा? तर एक जण म्हणतो, "काका, यमक जुळत नव्हतं." अरे मग 'थरथर' घ्या ना, शब्द काय महाग झालेत का! मग तिथेच बसून दोन ओळी नीट करून दिल्या, त्यांनी चहाही पाजला, बायको खालून फोन करत होती की भांडण मिटलं का.

काल जिन्यात त्यातलाच एक भेटला. "काका, सेक्रेटरींच्या मेंटेनन्सवर कडवं केलंय, जरा मीटर बघता का?"

म्हटलं, अकरानंतर नको, आत्ताच दाखव.