"अल्कोहोलला घाबरले" या दोन स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

अभिप्राय वाचला. तुम्ही शर्यतीच्या वेळेच्या स्लिपांचे फोटो लावून सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच, सगळ्यांसमोर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: होंडाच्या दीड लिटरच्या व्हीटेक सिटीला सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा ब्लोअर) बसवताना तुम्ही मिथेनॉल हे अल्कोहोल इंधन मागितलं, आम्ही मॅप (इंधन आणि ठिणगीची संगणकातली मांडणी) पेट्रोलवरच केला. दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा खर्च तुमच्या गळ्यात मारला. ठिणगीचं टायमिंग मागे ओढून इंजिन मवाळ केलं. आणि लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या सरळ (ड्रॅग) शर्यतीत तशाच सुपरचार्जरच्या, पण मिथेनॉलवर चालणाऱ्या सिटीने तुम्हाला अर्ध्या सेकंदाने मागे टाकलं. शेवटी लिहिलंत, "कोल्हापूरचे लोक अल्कोहोलला घाबरले."

आधी स्लिपा बघू, कारण त्या तुम्हीच लावल्या आहेत. तुमची वेळ १५.३ सेकंद, टोकाचा वेग ताशी १४९ किलोमीटर. त्या गाडीची वेळ १४.८, वेग १५०. पाव मैलाच्या शर्यतीत टोकाचा वेग इंजिनाची ताकद सांगतो, आणि एकूण वेळेत ताकदीबरोबर सुटण्याची पद्धतही मिसळलेली असते. त्या गाडीकडे वीस-पंचवीस टक्के ताकद जास्त असती, तर तिचा वेग १५८-१६० च्या घरात दिसला असता. दिसतोय १५०. म्हणजे दोन्ही इंजिनं जवळपास सारखीच ओढत होती. आता पहिल्या साठ फुटांचा आकडा बघा: तुमचा २.६, त्यांचा २.२५. सुरुवातीला गमावलेला वेळ टोकाला साधारण दीडपट होऊन दिसतो, हा ड्रॅगमधला जुना ठोकताळा आहे. ०.३५ ची दीडपट म्हणजे जवळजवळ तुमचा तो अर्धा सेकंद. तो तुमच्या पुढच्या चाकांखाली गेला, टाकीत गेला नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत सुटताना वजन मागे जातं आणि चाकं जागीच फिरतात. टायरमधली हवा, क्लच सोडण्याचा क्षण, कितीवर इंजिन धरून सुटायचं, यावर बसून काम करावं लागतं. गाडी ताब्यात देताना "सरावाला एक दिवस द्या" असं मी म्हटलं होतं, ते याचसाठी.

आता इंधनाचं. ही चर्चा मला मनापासून आवडते आणि या विषयावर आपल्याकडे फार अर्धवट बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो मिथेनॉलला जेमतेम साडेसहा. वजनाला मिथेनॉलमध्ये पेट्रोलच्या निम्म्याहून कमी ऊर्जा आहे, पण त्याच हवेत ते दुपटीहून जास्त ओतता येतं. हिशेब मांडला तर तेवढ्याच हवेतून मिथेनॉल चार-पाच टक्केच जास्त ऊर्जा देतं. त्याची खरी करामत गारव्यात आहे. माठ बाहेरून झिरपून वाळतो आणि आतलं पाणी गार होतं, तसं इंधन वाफ होताना हवेतली उष्णता खेचून घेतं. हवेच्या प्रत्येक किलोमागे पेट्रोल साधारण २४ किलोज्यूल उष्णता घेतं, मिथेनॉल १७० च्या आसपास. सातपट! सुपरचार्जरवाल्याला याचं मोल कळतं, कारण ब्लोअर हवा दाबतो तशी ती तापवतोही. तीस अंशांची हवा रूट्स पद्धतीच्या ब्लोअरमधून ०.६ बारच्या दाबाने बाहेर पडते तेव्हा ती शंभर अंशांच्या आसपास गेलेली असते. इतकी तापलेली हवा पेट्रोलबरोबर सिलिंडरमध्ये गेली की नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी भडकणं, सुरू होतं, आणि नॉकिंगने पिस्टनची कड जाते.

म्हणूनच अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या टॉप अल्कोहोल आणि प्रो मॉड वर्गांत ब्लोअरवाल्या गाड्या मिथेनॉल जाळतात. व्ही-एट इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला भलामोठा ब्लोअर, दोन बारच्या पुढचा दाब, आणि मधे इंटरकूलर नाही. तिथे मिथेनॉल हेच इंधन आणि तेच कूलर. तुम्ही ज्या व्हिडिओंचा दाखला दिलात ते याच गाड्यांचे आहेत. पण त्याच प्रो मॉड वर्गात नायट्रसवाल्या (ब्लोअरऐवजी नायट्रस ऑक्साइड वायू वापरणाऱ्या) गाड्या पेट्रोलवर पळतात, हेही बघा. आणि १९५७ साली एनएचआरएने नायट्रोवर (नायट्रोमिथेन या जहाल इंधनावर) बंदी घातली, ती १९६३ पर्यंत होती. त्या वर्षांत ब्लोअरवाले ड्रॅगस्टर साध्या पेट्रोलवरच पळत होते आणि चांगले पळत होते. पेट्रोल म्हणजे भित्र्यांचं इंधन, हा समज मला पटत नाही.

तुमच्या गाडीत दाब ०.६ बार, पिस्टन कंपनीचे, कॉम्प्रेशन मूळचं. इंटरकूलरमुळे आत जाणारी हवा शंभरावरून साठ अंशांच्या खाली येते. टाकीत १०० ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला सहज दाद न देणारं पेट्रोल. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या दहा शहरांत आलं, त्यांत तुमचं पुणंही होतं. एवढ्या जोडणीत पेट्रोलला नॉकिंगची हद्द गाठायला अजून अंतर आहे. मिथेनॉल नुसतं ओतल्याने ताकद फारशी वाढत नाही. ते जास्त दाब सोसतं, आणि दाब वाढवला तरच फायदा पदरात पडतो. तुमच्या मूळ पिस्टनवर आणि कनेक्टिंग रॉडवर मी दाब वाढवणार नव्हतो, हे कोटेशनवर लिहिलेलं आहे. मग ते सातपट गारवा घेऊन करायचं काय? इंटरकूलर तुमच्या गळ्यात मारला नाही, पेट्रोलवर राहून ही ताकद टिकवायला तोच लागतो. टायमिंग दाबाखाली मागे आहे तेही याच कारणाने. कमी लोडवर ते मूळ मॅपइतकंच आहे. फाइल तुमच्याकडे आहे, कुठल्याही जाणकार ट्यूनरला दाखवा.

मिथेनॉलच्या वेगळ्या सवयी आहेत, त्या कुणी तुम्हाला सांगितल्या असतील असं वाटत नाही. साधारण १८० अश्वशक्तीला पेट्रोलवर साडेतीनशे सीसीचा इंजेक्टर पुरतो, मिथेनॉलवर साडेसहाशेचा लागतो. पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला दोन लिटरहून जास्त इंधन जातं, त्यामुळे मूळ पंप, मूळ लाइन, सगळं बदलावं लागतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि अॅल्युमिनियम, जस्त खातं. शर्यत संपल्यावर टाकी, लाइन, इंजेक्टर पेट्रोलने धुवून काढावे लागतात, नाहीतर आठवड्याभराने आत पांढरी भुकटी जमलेली दिसते. न जळलेलं मिथेनॉल रिंगांजवळून खाली उतरतं आणि तेल दुधाळ होतं, म्हणून तेल सारखं बदलावं लागतं. थंडीत ते चटकन पेट घेत नाही. डिसेंबरच्या सकाळी लोणावळ्याकडे पारा बारा अंशांवर असला तर इंजिन पेट्रोलची पिचकारी मारून सुरू करावं लागतं. तुम्ही ही गाडी शर्यतीला चालवत नेता आणि त्याच गाडीने घरी येता. मला तरी या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

आणि आता ज्याला तुम्ही "घाबरणं" म्हटलंत त्यावर. मिथेनॉल विष आहे. दहा-पंधरा मिलिलिटर पोटात गेलं तरी माणसाची नजर जाऊ शकते. ते कातडीतूनही शरीरात जातं आणि वाफेतूनही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं दारूतल्या मिथेनॉलने मेली. दिसायला पाण्यासारखं, वासाला दारूसारखं. माझ्या वर्कशॉपमध्ये अठरा-वीस वर्षांची पोरं काम करतात. तो कॅन रात्री शेडमध्ये ठेवून मी घरी जाणार नाही. शिवाय महाराष्ट्रात ते परवान्याशिवाय साठवता-विकता येत नाही. तुम्ही सुचवलेला "ओळखीचा माणूस कॅन देतो" हा मार्ग मी तेव्हाही नाकारला आणि आजही नाकारतो.

दुसरी गोष्ट आगीची. १९६४ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये पेट्रोलच्या आगीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडॉनल्ड हे दोन ड्रायव्हर गेले, त्यानंतर तिथे पेट्रोल मागे पडलं आणि सगळे मिथेनॉलकडे वळले. ते निर्णय घेणारे चुकले नव्हते: मिथेनॉलची आग पाण्याने विझते, पेट्रोलची विझत नाही. पण उन्हात तिची ज्योत दिसत नाही. १९८१ साली तिथेच पिटमध्ये रिक मियर्स पेटले, तेव्हा आसपासच्या लोकांना सुरुवातीला आग कुठे आहे तेच उमगलं नाही. तिथे पाणी घेऊन उभी असलेली, या आगीची सवय असलेली माणसं असतात. दुपारी बाराच्या उन्हात तुमच्या बॉनेटखाली लाइन निसटली तर काय दिसेल? हवा थरथरताना दिसेल, बस. तुमच्या बरोबर पिटमध्ये तुमचा धाकटा भाऊ होता. गाडीला हात लावायच्या आधी मी या सगळ्याचा विचार करतो, आणि गिऱ्हाईक नाराज झालं तरी करणार.

अल्कोहोलच्या मी विरोधात नाही, उलट तुमच्या गाडीला एक सरळ वाट आहे आणि ती मी तुम्हाला गाडी देताना सांगितली होती: इथेनॉल. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक पंपांवर इथेनॉल १०० आणलं. त्यात सुमारे ९३ टक्के इथेनॉल, बाकी थोडं पेट्रोल आणि ते मिसळून ठेवणारा द्राव. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, त्यामुळे इथल्या माणसाला इथेनॉल नवखं नाही. ते नऊ किलो हवेला एक किलो लागतं आणि हवेच्या किलोमागे शंभर किलोज्यूलच्या आसपास उष्णता घेतं, म्हणजे पेट्रोलच्या चौपट. मिथेनॉलइतकं विषारी नाही, धातूला तेवढं खात नाही, आणि पंपावर पावती घेऊन मिळतं. इंजेक्टर पाचशे सीसीचे, पंप मोठा, लाइन टेफ्लॉनची, इंधनातलं इथेनॉलचं प्रमाण मोजणारा सेन्सर. पंपावर इथेनॉल नाही मिळालं तर साधं पेट्रोल भरूनही गाडी घरी जाईल, सेन्सर मॅप आपोआप बदलेल. सोबत फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड टाकले तर लहान पुली लावून दाब ०.९ बारवर नेता येईल. तेव्हा टोकाच्या वेगात खरा फरक दिसेल.

ज्यांना निव्वळ ड्रॅगसाठी, ट्रेलरवरून नेली जाणारी गाडी बांधायची आहे, ज्यांच्याकडे परवाना आहे, धुवायला-पुसायला माणूस आहे आणि दीड-दोन बारच्या दाबाला सोसणारं इंजिन आहे, त्यांना मी स्वतः मिथेनॉलच सुचवीन. तुमची गाडी त्या जातीची नाही, एवढंच.

पैशाबद्दल: इंटरकूलरची किंमत आणि मजुरी बिलात वेगळी दाखवली आहे. तो परत करायचा असेल तर घेईन, पण त्याआधी दाब खाली आणून मॅप पुन्हा करावा लागेल, नाहीतर पहिल्याच चढावर इंजिन नॉकिंग करेल. मॅपचे पैसे घेणार नाही.

लॉन्चच्या (सुटण्याच्या) कामासाठी येत्या कुठल्याही शनिवारी गाडी आणा. टायर थंड असताना किती हवा होती आणि तुम्ही किती आरपीएमवर सुटलात, हे आठवत असेल तर लिहून आणा. आंबी व्हॅलीच्या बाकीच्या धावांच्या स्लिपाही आणा, फोटोत तुमची एकच आहे.