बोनेट किती उंच, हे कुणी मोजतं का?

माझी मस्टँग मी गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विकली. गडद निळी, पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, सहा गिअर, पायाखाली क्लच. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत आम्ही राहतो. रात्री उशिरा ऑफिसातून निघून रिकाम्या हायवेला लागायचं, गाडी तिसऱ्यात खेचायची आणि मग चौथा टाकायचा. त्या क्षणी सीटमधून पाठीला जे काही जाणवायचं, त्यासाठी मी आठ वर्षं हप्ते, विमा आणि महागडे टायर आनंदाने सोसले. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीने स्वतःच्या पगारातून ही गाडी घेतली, याचं मला तेव्हा अप्रूप होतं आणि आजही आहे.

तिच्या जागी आता दारात पिकअप ट्रक उभा आहे. हे कळलं तेव्हा पुण्याहून धाकट्याचा फोन आला. "ताई, म्हणजे शेवटी अण्णांचीच गाडी घेतलीस!"

खरं आहे. आमच्या अण्णांकडे बोलेरो पिकअप होती. घरात तिला नुसतं 'पिकअप' म्हणायचे, कारण दुसरी गाडीच नव्हती. पहाटे हौद्यात दीड टन कांदा भरायचा, मागचा फाळका लावून साखळी अडकवायची आणि लासलगावला जाऊन रांगेत उभं राहायचं. व्यापारी गाडीवर चढून कांद्यात कोपरापर्यंत हात घालायचा, खालचा माल वर काढून बघायचा, आणि तिथेच बोली लागायची. परतताना हौद्यात खताच्या गोण्या असत, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाची भांडी. ती गाडी रिकामी धावलेली मला आठवत नाही. पाटे कायम दबलेलेच.

इथे मला ट्रकची गरज पहिल्यांदा कळली ती ८ जुलै २०२४ ला. त्या दिवशी बेरिल वादळ आलं. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि आमच्याकडे ती पाच दिवस आली नाही. टेक्ससचा जुलै म्हणजे काय ते इथे राहिलेल्यालाच माहीत. घरात रात्री बाराला भिंती गरम लागत होत्या. मागचं कुंपण आडवं झालं होतं, जनरेटर आणायचा होता, प्लायवूड आणायचं होतं. मस्टँगच्या डिकीत त्यातलं काहीच मावत नव्हतं. शेजारचे निवृत्त आजोबा न विचारता आले, त्यांच्या भल्यामोठ्या ट्रकची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, टाकी भरलेली आहे. त्या आठवड्यात त्यांच्या ट्रकने आमच्या गल्लीतल्या सहा-सात घरांची कामं केली.

दुसऱ्या दिवशी सामान उतरवून ट्रक परत करायला निघाले तेव्हा माझी सात वर्षांची मुलगी समोरच्या ड्राइव्हवेत उभी होती. निदान मघापर्यंत होती. मी चालकाच्या सीटवर बसले आणि ती दिसेना. खिडकी खाली करून हाक मारली, तर "इथेच आहे की!" असा आवाज आला, अगदी पुढच्या नंबरप्लेटपाशी. मी इंजिन सुरू केलं नव्हतं, पण हात थरथरायला लागले. मग तिला म्हटलं, एकेक पाऊल मागे जा. पाचव्या पावलाला केसांची क्लिप दिसली, सहाव्याला कपाळ. माझी उंची पाच फूट दोन इंच. तो ट्रक ज्यांनी बनवला त्यांच्या डोळ्यासमोर माझ्या उंचीची बाई नव्हती आणि तिच्या उंचीचं मूल तर नव्हतंच.

म्हणून ट्रक घ्यायचा ठरल्यावर मी सगळ्यात लहान शोधला. फोर्डचा मॅव्हरिक, हायब्रिड. हौदा साडेचार फुटी, वजन उचलतो जेमतेम ६८० किलो, शहरात लिटरला सतराच्या आसपास देतो. बोनेट माझ्या कमरेच्या थोडं वर. लांबी ५.०७ मीटर, म्हणजे मस्टँगपेक्षा फूटभरच जास्त. इथले लोक याला खरा ट्रक मानत नाहीत. पण कुंपणाच्या फळ्या त्यातून आल्या, मातीची पोती येतात, आणि यंदा आमच्या मंडळाच्या पथकाचे अकरा ढोल गणपतीत त्यातून दोन खेपांत गेले. ताडपत्री बांधताना मी नकळत अण्णांची गाठ मारली, एक पीळ जास्तीचा देऊन.

आता मुद्द्याचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून भारतात गाड्यांवरचा जीएसटी बदलला. लहान गाड्यांवर सेससकट २९ ते ३१ टक्के होता तो १८ वर आला. मोठ्या एसयूव्हींवर सगळं मिळून ५० टक्क्यांपर्यंत जायचा तो ४० झाला. म्हणजे मोठी गाडीही स्वस्त झाली. धाकटा वारज्यात राहतो. त्याची हॅचबॅक नऊ वर्षांची झालीय, आणि नवरात्रात त्याने एसयूव्ही बघायला सुरुवात केली. मी म्हटलं, उंच नाकाची घेऊ नकोस. त्यावर तो थोडा दुखावून म्हणाला, "तू तिकडे ट्रक फिरवतेस आणि आम्ही मात्र छोट्या गाडीत बसायचं का?"

प्रश्न रास्त आहे. परदेशात राहून घरच्यांना काटकसर शिकवणारे लोक मलाही आवडत नाहीत. एवढं मोठं घर, दोन गाड्या, दिवसभर एसी, आणि फोनवर मात्र पर्यावरण. त्यामुळे मी त्याला गाडी किती मोठी असावी हे सांगत नाहीये. मी बोलतेय ते एकाच गोष्टीबद्दल. ती गोष्ट अमेरिकेत बिघडताना मी अठरा वर्षं पाहिली आहे आणि घरच्या चर्चेत ती कुणाच्याच तोंडी नाही.

अमेरिकेतले ट्रक आपोआप राक्षसी झाले नाहीत. नियमांनी त्यांना तसं घडवलं. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर आयातकर वाढवला, त्याला उत्तर म्हणून १९६४ पासून अमेरिकेने काही आयात वस्तूंवर २५ टक्के कर लावला, त्यात हलके ट्रक होते. बाकी वस्तूंवरचा कर पुढे गेला, ट्रकवरचा राहिला. बाहेरून येणाऱ्या लहानखुऱ्या ट्रकची वाट त्याने अडवून ठेवली. (माझा मॅव्हरिक मेक्सिकोत बनतो, व्यापार करारामुळे त्यातून सुटतो.) पुढे १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये मायलेजचा कायदा झाला. त्यात ट्रकना कारपेक्षा सौम्य अट ठेवली, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचं, कारागिराचं वाहन. हेतू चांगला होता. पण कंपन्यांनी मग घरगुती गाडीच ट्रकच्या सांगाड्यावर चढवली. आणखी काही वर्षांनी मायलेजचं लक्ष्य चाकांमधल्या क्षेत्रफळावरून ठरायला लागलं, म्हणजे गाडी जितकी लांबरुंद तितकं लक्ष्य सोपं. २०१८ मध्ये फोर्डने मस्टँग वगळता जवळजवळ सगळ्या कार अमेरिकेत बंद करत असल्याचं जाहीर केलं. आज एफ-१५० चार दारांचा घेतला तर लांबी पावणेसहा मीटरच्या वर जाते आणि हौदा मात्र साडेपाच फूट. जुन्या ट्रकला दोन दारं असायची आणि आठ फुटी हौदा. शेतकऱ्यासाठी दिलेली सवलत केबिनने खाल्ली.

आणि मग रस्त्यावर काय झालं? २००९ मध्ये अमेरिकेत ४,१०९ पादचारी वाहनांखाली मेले. २०२२ मध्ये साडेसात हजारांच्या वर. याला मोबाइल कारण आहे, अंधारे रस्ते आहेत, वेग आहे. सगळं ट्रकच्या माथी मारणं खोटेपणा होईल. पण 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास मांडला. बोनेटची पुढची कड ४० इंचांपेक्षा उंच असेल, तर ३० इंच किंवा कमी उंचीच्या, उतरत्या बोनेटच्या गाडीपेक्षा पादचारी मरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. कारण साधं आहे. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस बोनेटवर पडतो. उंच, सपाट नाक छातीला किंवा डोक्याला लागतं आणि माणूस खाली जातो.

आपल्याकडेही नियमच गाडी घडवतात. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना करात सवलत मिळाली, आणि पुढे सेडानची शेपटी कापून इंडिगो सीएस आली, डिझायर आखूड झाली. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, तिघींची लांबी नेमकी ३,९९५ मिलिमीटर आहे. हा योगायोग नाही. १,२०० किंवा १,५०० सीसीचं इंजिन, ४,००० मिलिमीटर लांबी, मोठ्या गाड्यांसाठी १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची जागा: जीएसटी एवढंच मोजतो. लांबी अडवली की गाडी वर वाढते. समोरच्या माणसाला ती कुठे लागेल, आणि चालकाला समोरचं लहान मूल किती अंतरावरून दिसेल, या दोन गोष्टींचा या हिशेबात पत्ताच नाही.

घरची भांडणं भलत्याच अंगाने चालतात. मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक म्हणाले की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, तर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतो श्रीमंतांचे लाड बंद करा, दुसरा म्हणतो मध्यमवर्गीयाने कमावून गाडी घेतली तर तुमच्या का पोटात दुखतं. त्याआधी मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा सगळी चर्चा वेग, दारू आणि पैसा यांवर झाली. ती व्हायलाच हवी होती. वेगवान गाडी मी आठ वर्षं चालवली आहे, तिची नशा काय असते हे मला कुणी सांगायला नको. पण वेगवान गाडी धोक्याची आणि उंच गाडी सुरक्षित, असं जे त्यातून लोकांच्या मनात बसलं, ते अर्धंच खरं आहे.

सुरक्षित कोणासाठी? २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ३२,८२५ पादचारी आणि जवळपास ७५ हजार दुचाकीवरचे. तिघांतले जवळजवळ दोघं चारचाकीत बसलेलेच नव्हते. धाकट्याची मुलं सायकलने क्लासला जातात. माझी आई रोज संध्याकाळी सोसायटीच्या गेटपासून देवळापर्यंत चालते. त्या अर्ध्या किलोमीटरला सलग फुटपाथ नाही. दुकानांच्या पाट्या, लावलेल्या स्कूटर, उघडा चेंबर, मग पुन्हा रस्ता. ती चार फूट दहा इंच आहे. डिसेंबरात गेले होते तेव्हा सोसायटीतल्या एका नव्या एसयूव्हीपुढे तिला उभं केलं. बोनेटची कड तिच्या छातीच्या वर आली. आईला वाटलं मी फोटो काढतेय, तिने पदर सारखा केला.

धाकट्याचं म्हणणंही ऐका. पावसाळ्यात खड्ड्यांत त्याची हॅचबॅक खालून घासते, दोनदा ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, फुटला. उंच गाडी ही त्याची हौस नाही, महापालिकेने लादलेली गरज आहे. मला हे पूर्ण मान्य आहे. पण पोटाखालची जागा आणि नाकाची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८०-२०० मिलिमीटर क्लिअरन्स ठेवून बोनेट उतरतं ठेवता येतं. उभं, चौकोनी नाक हे खड्ड्यांसाठी नसतं, ते रुबाबासाठी असतं. आणि पुढे लोखंडी बुलबार लावतात त्याचं तर कशानेच समर्थन होत नाही. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्याला बंदी केलीय, तरी गावोगाव दिसतो.

माझी मागणी छोटी आहे. करासाठी लांबी आणि सीसी मोजता, त्यांच्या शेजारी बोनेटच्या कडेची उंची लिहा. चालकाच्या सीटवरून एक मीटर उंचीचं मूल किती अंतरावर दिसतं, ते शोरूममधल्या किमतीच्या पाटीवर छापा. गाड्या धडकवून तपासणारं आणि त्यांना तारे देणारं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, लोक आता गाडीचे तारे विचारून घेतात, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ते तारे प्रामुख्याने आत बसलेल्यांच्या जिवाचे आहेत. आणि अण्णांच्या पिकअपसारख्या मालाने भरून धावणाऱ्या गाडीला सवलत द्यायची असेल तर जरूर द्या. फक्त ती हौद्याला द्या, केबिनला नको. इथे काय झालं ते मी वर लिहिलंच आहे.

मस्टँगची आठवण येते. डावा पाय अजून सिग्नलला क्लच शोधतो.

परवा धाकट्याने शोरूममधून फोटो पाठवला. बोनेटच्या कडेला शिंप्याची टेप लावलेली, आईच्या शिवणाच्या डब्यातली, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. आकडा ४१. खाली लिहिलं होतं: "सेल्समन म्हणतोय आजवर हे कुणी मोजलं नाही. दुसऱ्या दोन गाड्या मोजतो, मग फोन करतो."